खिशातले सहा तास

मी तीस वर्षं रेघा ओढून पगार घेतला. भद्रावतीच्या आमच्या मोहल्ल्यात हे अजून कुणाला पटत नाही. शेजारी टेलर आहे, तो शिवलेला सदरा दाखवतो. पलीकडे टायरवाला आहे, तो पंक्चर काढून दाखवतो. मी काय दाखवणार? गोल, बाण आणि आकडे. एकदा मी एक चार्ट घरी आणला होता, तर सासऱ्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या बायकोला हळूच विचारलं, "जावई कुंडल्या-बिंडल्या तर नाही ना काढत?"

आता निवृत्त झालोय, तर एकदाचं सांगूनच टाकतो.

चंद्रपूरच्या आसपास कारखान्यांना तोटा नाही. प्रत्येक कारखाना वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागतो. त्याला लहान-थोर सगळे शटडाउन म्हणतात. पंधरा-वीस दिवसांत शेकडो कामं उरकायची आणि ठरल्या तासाला कारखाना चालू करून द्यायचा. आमची कंपनी या दुरुस्त्यांची कंत्राटं घ्यायची, आणि कुठलं काम कधी सुरू होणार, कधी संपणार हे ठरवायचा विभाग म्हणजे मी. एक टेबल, एक लाल-निळी पेन्सिल आणि खळ लावून चिकटवलेला आठ फुटी कागद. कॉम्प्युटर फार नंतर आला, आणि आला तेव्हा त्याच्यावर वर्षभर फक्त झाकण होतं.

पद्धत सोपी आहे. सगळी लहान-लहान कामं लिहून काढायची, प्रत्येक कामाला एक गोल. कुठलं कुणाच्या आधी, कुठलं कुणाच्या सोबत, प्रत्येकाला वेळ किती, हे मांडायचं. मग सुरुवातीपासून शेवटापर्यंत जी सर्वांत लांब वाट निघते ती लाल पेन्सिलने रंगवायची. इंग्रजीत तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. आमच्या साइटवर तिचं नाव लाल रेघ. या रेघेवरचं एखादं काम तासभर रेंगाळलं की सगळा कारखाना तासभर रेंगाळला म्हणून समजा. बाकीच्या कामांना थोडीफार सवड असते, ती मागे-पुढे झाली तरी कुणाचं काही बिघडत नाही. झालं. एवढ्यासाठी मला तीस वर्षं पगार मिळाला.

बायकोला समजावताना मी घरचंच उदाहरण घेतलं. चंद्रपूरला लग्नाला जायचंय, साडेदहाची एसटी पकडायचीय. पोरांच्या आंघोळी, तिची साडी, डबा, कुलूप, सगळं कागदावर मांडलं. मला मनातून खात्री होती की लाल रेघ तिच्या साडीवरून जाणार आणि माझा बारा वर्षांचा आरोप एकदाचा सिद्ध होणार. बेरीज केली. लाल रेघ माझ्या मिशीवरून गेली. मिशीला कलप लावणे, वाळू देणे, धुणे, सव्वा तास. बायकोने तो कागद स्वयंपाकघरात लावून ठेवला होता. पाहुणे आले की दाखवायची.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. सिंदेवाहीच्या एका राइस मिलवाल्या शेठला मी मिलच्या दुरुस्तीचा चार्ट नेऊन दाखवला. त्याने चष्मा लावला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "सगळं झकास हाये करीमभाई, फक्त हे लाल रेघ काढून टाका. सणासुदीचा माल यायचाय, लाल रंग बरा नाई दिसत." मी म्हटलं, शेठ, ती काढली तर उरलं काय? तर म्हणे, "मंग हिरवी काढा." काढली. आयुष्यात मी एकच हिरवा क्रिटिकल पाथ काढला आणि ती मिल वेळेच्या दोन दिवस आधी सुरू झाली. यातून काय शिकायचं ते मला आजवर कळलेलं नाही.

आता धंद्यातलं एक गुपित सांगतो. प्लॅनिंगवाला प्रत्येक चार्टमध्ये थोडा वेळ लपवून ठेवतो. क्रेन दहाला येणार असेल तर आठ लिहितो. हा वेळ कुणाला सांगायचा नसतो, कारण सांगितला की तो खर्च झालाच. दोन तास आहेत म्हटलं की फिटर चहाला जातो आणि चहा नागपुरात असल्यासारखा परत येतो. म्हणून ही सवड आपल्या खिशात ठेवायची आणि तोंड असं करायचं की आता जग बुडणार. या खिशाचा मला मोठा अभिमान होता. ज्या शटडाउनविषयी मी सांगणार आहे, त्याच्यापर्यंत होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, मोबाइल अजून आमच्याकडे पोचले नव्हते. दिवाळी होऊन चारेक दिवस झालेले आणि एका कारखान्याच्या बॉयलरचं काम चालू होतं. बॉयलरच्या आत नळ्यांचं जंगल असतं. खराब नळी कापायची आणि तिथे नवी जोडायची. हा जोड असा लागतो की त्यातून केसभरही वाफ निसटता कामा नये. तसले जोड मारणारा आमच्याकडे एकच माणूस होता, देवाजी. वडसाकडच्या एका खेड्यातला. बारीक अंगाचा, कमी बोलणारा. दोन नळ्यांमधल्या वीतभर फटीत आरसा धरून, आरशात बघत मागच्या बाजूचं वेल्डिंग करायचा. मी त्याच्याहून वर्षभराने लहान, म्हणून तो मला करीम म्हणायचा आणि मी त्याला देवाजीभाऊ. चार्टवर मात्र त्याचं नाव नेहमी लाल.

त्याच्या गावची मंडई त्याच आठवड्यात होती. बाहेरच्यांसाठी सांगतो. वडसा-ब्रह्मपुरीकडच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, बदलत नाही. दुकानं लागतात, दंडार नाचते, रात्री नाटक होतं आणि पंचक्रोशीतले सोयरे झाडून येतात. आणि सोयरे आले की ओघाने पोरा-पोरींच्या सोयरिकीही निघतात. हे सगळं मला ठाऊक होतं. फक्त चार्टवर मंडईसाठी गोल नव्हता.

देवाजीने माझ्याकडे रजा मागितली. मी चार्टकडे बोट दाखवलं. "देवाजीभाऊ, लाल रेघ पाहा कुठून जाते ते." त्याने पाहिली. मागच्या वर्षीही त्याने मंडईचीच रजा मागितली होती आणि मी हेच बोट दाखवलं होतं. तो बॉयलरमध्ये चढला.

मंडईच्या आदल्या संध्याकाळी आमचे मोठे साहेब पुण्याहून आले. माणूस सज्जन, कामाचा पक्का आणि मराठी अशी स्वच्छ की ऐकताना आपला सदरा मळका वाटावा. मी दोन रात्रींचा जागा होतो, त्यांनी मला घरी झोपायला पाठवलं आणि स्वतः वही-पेन घेऊन साइटवर फिरले. देवाजीपाशी आले.

"वेल्डिंगचं काय?"

"करून राह्यलो साहेब."

साहेबांनी वहीत बरोबरची खूण केली. सोळा जोड बाकी होते. पण करून राहिला म्हणजे केलं आणि आता निवांत राहिला, असाच अर्थ त्यांच्या मराठीत होत होता. देवाजीला साहेब खुशीत दिसले. त्याने भीत-भीत विचारलं, "साहेब, उद्या आमच्या गावची मंडई हाये. जाऊ का?"

"अरे, काम करून राहिलास ना? मग जा की!"

आणि देवाजी गेला.

सकाळी सातला मी साइटवर पोचलो. लाल रेघेवर चिटपाखरूही नव्हतं. साहेब गेस्ट हाउसमधून दाढी करून, प्रसन्न होऊन आले होते.

"करीम, वेल्डिंग संपलं बरं का! तो म्हणाला, करून राहिलो."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "साहेब, आमच्याकडे करून राह्यलो म्हणजे करतोय."

"मग झालं असेल तर काय म्हणता?"

"केलं."

साहेबांचा चेहरा पाहून मला त्यांची दया आली. त्यांनी वही उघडली. आदल्या संध्याकाळच्या पानावर अकरा ठिकाणी बरोबरची खूण होती. पाणी आणून राह्यले, रंग देऊन राह्यले, नट कसून राह्यले. साहेबांच्या हिशेबाने अर्धा कारखाना तयार होता.

बाकीचं सावरण्यासारखं होतं. देवाजीचं नव्हतं. सोळा जोडांना खाणंपिणं, डुलकी धरून अठरा तास. मग दोन तास घासणं-पुसणं. त्यानंतर जोडांचे एक्स-रे काढणारे नागपूरचे लोक येणार आणि त्यांची वेळ चार्टवर होती दुसऱ्या दिवशी दुपारी बाराची. गाव जीपने चार तासांवर. म्हणजे देवाजी आज दुपारी चारला बॉयलरमध्ये हवा, आणि त्यासाठी त्याला बाराला गावातून उचलायला हवं. मी बोटांवर मोजलं, ड्रायव्हरला हाक मारली आणि निघालो. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मध्ये कुठे चहासुद्धा नाही.

गावात शिरलो तेव्हा बाराला दहा कमी होते. मंडई भरत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सिंगाड्यांचे ढीग, बांगड्यांची दुकानं, कुठून तरी ढोलकी. देवाजीचं घर विचारलं तर तिघांनी तीन बाजूंनी दाखवलं आणि तिघेही सोबत आले. अंगण ताजं सारवलेलं होतं. देवाजी नव्हता, साखर आणायला गेला होता. एक विशीतली मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"तुमीच का ते लाल रेघवाले करीमभाऊ?"

आपली कीर्ती इथवर आलीय म्हणून मी मिशीवरून हात फिरवला. "हो बाई, मीच."

"मंग मागच्या साली बाबाले तुमीच नाई सोडलं?"

ही देवाजीची मुलगी वनिता. बारावी झालेली. आई नाही हे मला त्या अंगणात कळलं. पंधरा वर्षं मी त्या माणसाच्या तासातासाचा हिशेब ठेवत होतो, त्याची बायको वारल्याचं मला माहीत नव्हतं. वनिताने सगळं एका दमात सांगितलं. मागच्या मंडईला तिला पाहायला पाहुणे आले होते. बाप घरी नाही. त्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि उठले. जाताना म्हणाले, बाप पोरीच्या मंडईले नाई येत तो लग्नाले येईन का? पुढे ते बोलणं गावोगाव फिरलं. फिरता फिरता त्याचं असं झालं की पोरीतच काहीतरी खोट असेल, म्हणून बाप तोंड दाखवत नाही. वर्षभर कुणी फिरकलं नाही. आज आरमोरीकडून पाहुणे येणार होते, तीन वाजता.

"आता पुन्हा नेऊन राह्यले का त्याइले?" तिने विचारलं.

मी तांब्या खाली ठेवला.

मागच्या वर्षीची मंडई मला चांगली आठवत होती. त्या दिवशी माझ्या खिशात अख्खा एक दिवस होता. क्रेन येणार दुसऱ्या दिवशी, चार्टवर मी ती त्याच दिवशी लिहिलेली. ती येईपर्यंत वेल्डिंग बंद होतं. आम्ही बॉयलरखालच्या शेडमध्ये दिवसभर पत्ते कुटत बसलो होतो. देवाजीही होता. तो खेळत नव्हता, नुसता पानं वाटून देत होता. मी तीन डाव जिंकलो होतो आणि मोठ्याने हसलो होतो. तिकडे चार तासांवर या अंगणात पाहुणे त्याची वाट पाहत बसले होते.

खूप लाज वाटली. आजही लिहिताना वाटते.

तेवढ्यात देवाजी साखरेची पुडी घेऊन आला. मला पाहून जागीच थांबला. "करीम? साहेबानं जा म्हटलं म्हणून आलो गा. मले वाटलं, दुसरा वेल्डर आणून राह्यले." मग जीपकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि पुडी तिच्या हातात देत म्हणाला, "चाल, येतो मी." एवढंच. हुज्जत नाही, विनवणी नाही. त्याने हुज्जत घातली असती तर मला बरं वाटलं असतं.

"थांबा देवाजीभाऊ," मी म्हटलं. "एक्स-रेवाले बाराले नाई येत. सहाले येतात."

"चार्टवर तर बारा हाये."

"चार्टवर मी खोटं लिहितो."

पंधरा वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. भिंतीवर रात्रीच्या नाटकाचं पोस्टर होतं, ते मी काढलं आणि त्याच्या पाठीवर गोल काढायला बसलो. उद्या संध्याकाळी सहाला एक्स-रे. त्याच्या आधी दोन तास सफाई. त्याच्या आधी अठरा तास जोड, त्याच्या आधी चार तास रस्ता. उलटं मोजत आलो आणि आजच्या संध्याकाळी सहावर थांबलो. "सहा वाजेपर्यंत तुमी इथी. सहाच्या वर एक मिनिट नाई." मग लाल पेन्सिल काढली आणि पाहुण्यांचा गोल लाल केला. वनिता वाकून बघत होती. "हे लाल म्हणजे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "याले सवड नाई म्हणजे."

आता दुसरी अडचण उभी राहिली. नाटकाचे डायरेक्टर, म्हणजे शाळेचे मास्तर, पोस्टर कुणी फाडलं म्हणून तावातावाने आले आणि देवाजी सहाला जाणार हे कळल्यावर पोस्टर विसरले. देवाजी नाटकात फौजदार होता. तिसऱ्या अंकात सावकार जबरदस्तीने लग्न लावत असतो, तेव्हा फौजदार येऊन म्हणतो, "थांबा! हे लग्न होणार नाही!" एवढं एकच वाक्य, पण त्यावर सगळं नाटक उभं.

"फौजदार गेला तर लग्न लागून जाईन ना बापा!" मास्तर म्हणाले. "तुमी आमचा माणूस नेता, तर एक माणूस ठेवा."

मी मनातल्या मनात चार्ट पाहिला. ड्रायव्हर ठेवता येत नव्हता, तो लाल रेघेवर. देवाजी तर लाल रेघच. मग चार्टभर शोधलं की रात्रभर नसला तरी कुणाचं काही अडणार नाही असा माणूस कोण? आठ फुटी कागदावर सर्वांत जास्त सवड ज्याला होती, तो माणूस मी होतो. हा शोध मला त्या दिवशी लागला. चार्ट काढून झाला की चार्ट काढणाऱ्याची गरज संपते. इतकी वर्षं मी उगाच रात्री जागलो.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "मिशी हाये. जमलं."

तीनचे पाहुणे साडेतीनला आले. मुलगा, मुलाचे वडील आणि दोन नातलग. मुलाचे वडील धानवाले शेतकरी, बोलायला सावकाश. सिंगाडे सोलत सोलत घराकडे, देवाजीकडे, माझ्याकडे बघत होते. वनिता आली, पोहे देऊन बसली, दोन-चार प्रश्न झाले, चहा झाला. मुलगा खाली मान घालून होता, पण तिने उत्तर दिलं की मान थोडी वर यायची. सगळं ठीक चाललं होतं आणि वडिलांनी सिंगाडा खाली ठेवला.

"देवाजीभाऊ, मागच्या साली तुमी मंडईले नव्हते म्हणे?"

"काम होतं."

"काम तर सगळ्याइलेच असते गा."

देवाजीने रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली. तो असाच. वर्षभर जे गावोगाव फिरलं, त्यावर त्याच्याकडे दोनच शब्द होते आणि ते वापरून झाले होते. वनिताची बोटं पदराला पीळ देत होती. मला वाटलं, आता हे उठतील.

"भाऊ," मी म्हटलं, "तो काऊन नाई आला ते मी सांगतो. मी त्याचा रजा देणारा. त्यानं मागतली होती, मीच नाई दिली."

"कामच तेवढं असन."

इथे मी हो म्हणून सुटू शकत होतो. "काम नव्हतं," मी म्हटलं. "त्या दिवशी आमी पत्ते खेळून राह्यलो होतो. याले सोडता येत होतं, पण सवड आहे हे दिसलं की माणसं सैल पडतात म्हणून मी नाई सोडलं. पोरीत खोट नाई, बापातही नाई. खोट माह्यात हाये."

देवाजीने माझ्याकडे पाहिलं. मागच्या वर्षीचा तो रिकामा दिवस त्याने क्रेनच्या माथी मारला असेल. तो माझ्या खिशात होता हे त्याला त्या क्षणी कळलं, पाहुण्यांसमोर. मुलाच्या वडिलांनी पुन्हा सिंगाडा उचलला, सोलला, खाल्ला. म्हणाले, "पाहू. नाटक पाहून इथीच मुक्काम करतो आमी. सकाळी सांगतो."

सहा वाजता देवाजी जीपमध्ये बसला. उत्तर न ऐकताच. मी दाराशी उभा राहिलो तर म्हणाला, "करीम, फौजदाराची टोपी मोठी होते. आत कागद घाल." मग जीप गेली.

नाटकाविषयी जास्त लिहीत नाही, कारण वडसा भागात त्याची आठवण असलेले लोक अजून जिवंत आहेत. टोपीत पोस्टरचा कागद घालून मी विंगेत उभा होतो. वाक्य एकच, पाठ होतं. मास्तरांनी पाठीवर थाप मारली आणि मी रंगमंचावर गेलो. समोर गाव बसलेलं. पुढच्याच रांगेत आरमोरीचे पाहुणे, त्यांच्यामागे बायकांत वनिता. मी हात वर केला. "थांबा!" आवाज छान लागला. "हे लग्न..." आणि पुढचं तोंडातून निघेना. गेल्या वर्षी एक सोयरीक मी मोडली होती, आता समोर दुसरी बसली होती आणि मी वर्दी घालून म्हणायचं की होणार नाही? विंगेतून मास्तर ओरडत होते, "होणार नाही! होणार नाही!" मी त्यांना ऐकू येईल असं "नाई म्हणत" म्हटलं, ते सगळ्या मंडपाने ऐकलं. मग छाती पुढे काढून मी म्हणालो, "थांबा! हे लग्न होऊन राह्यलं!"

हशाने मंडप कोसळला. सावकार झालेला माणूस हसता हसता खाली बसला. नवरीने घुंगट तोंडात कोंबला. मास्तरांनी पडदा पाडायला सांगितला, तर पडदेवालाच हसत होता. पुढच्या रांगेत मुलाचे वडील डोळे पुसत होते.

सकाळी सातला ते देवाजीच्या अंगणात आले. मी ओट्यावर टोपीतला कागद काढत बसलो होतो.

"फौजदारसाहेब," ते म्हणाले, "तुमी म्हटलं तसंच होऊन राह्यलं म्हणा."

आत वनिताची आत्या साखर वाटायला लागली. मी उठलो आणि चपलाही न घालता एसटीडी बूथवर धावलो. साइटवर टाइमकीपरने फोन उचलला. मी म्हटलं, बॉयलरमध्ये चढ आणि देवाजीभाऊले सांग, सोयरीक जमली. मी फोन धरून ठेवतो. मीटर पळत होता, बूथवाला माझ्या अनवाणी पायांकडे बघत होता. बऱ्याच वेळाने टाइमकीपर धापा टाकत आला.

"सांगतलं."

"काय म्हणाला?"

"काईच नाई. शील्ड तोंडावर घेतली अन् नळीकडे तोंड करून बसला." मग थोडं थांबून म्हणाला, "पण भाऊ, ठिणगी काई दिसून नाई राह्यली."

मी फोन ठेवला.

एक्स-रेवाले सहाला आले. सोळापैकी पंधरा जोड पास झाले. एक फेल गेला, तो देवाजीने तेव्हाच दुरुस्त करून दिला. प्रत्येक जोडाची वेळ नोंदलेली असते. मी ती वही पाहिली. फेल गेलेला जोड सकाळी सव्वासातचा होता. त्याबद्दल मी त्याला काही विचारलं नाही आणि त्यानेही मागच्या वर्षीच्या पत्त्यांबद्दल मला कधी काही विचारलं नाही. त्याने एकदा तरी शिव्या घालायला हव्या होत्या, असं मला अजून वाटतं.

बॉयलर वेळेवर पेटला. पुण्याच्या साहेबांनी वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: राह्यलो म्हणजे झालं नाही.

लग्न एप्रिलात ठरलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कारखान्याचं शटडाउन होतं. वनिताची पत्रिका आली, तिच्यासोबत वहीचा एक कागद होता. त्यावर तिने लग्नाच्या कामांचे गोल काढले होते, हळद, मांडव, वरात, जेवणं. बाण थोडे इकडे-तिकडे गेले होते, पण पद्धत बरोबर. लाल गोल एकच होता आणि त्यात लिहिलं होतं, बाबा घरी येणे.

मी नवा आठ फुटी कागद पसरला. या वेळी खिशात काही ठेवलं नाही. देवाजीच्या वेल्डिंगच्या आधी एक गोल काढला, त्यात लिहिलं, वनिताचं लग्न, चार दिवस, आणि लाल पेन्सिलने दोनदा गिरवला. साहेब पुण्याहून आले, चार्टसमोर उभे राहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"करीम, हे कुठलं काम?"

"साहेब, हे झाल्याशिवाय पुढचं काहीच सुरू होत नाही."

"थोडं मागेपुढे करता येईल?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "याला सवड नाही."